कॉलेज चार वर्षांचं, बिल आठ वर्षांचं

नमस्कार डॉक्टर,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक सई बारावीत आहे, तिला डॉक्टर व्हायचंय. तीन ठिकाणी प्रवेश मिळालाय आणि १ मेपर्यंत एकाला होकार कळवायचाय. बोस्टनमधलं एक नावाजलेलं खाजगी विद्यापीठ आहे, तिथला खर्च वर्षाला ९२ हजार डॉलर, त्यात त्यांनी १४ हजारांची मदत देऊ केलीय. पेनसिल्व्हेनियात एक छोटं कॉलेज आहे, खर्च ८० हजार, शिष्यवृत्ती ३६ हजार. आणि तिसरं आमच्या जवळचं रटगर्स, न्यू ब्रन्सविक, ऑनर्स कॉलेजसकट. तिथे खर्च ३६ हजार आणि शिष्यवृत्ती ८ हजार. आमचं दोघांचं मिळून उत्पन्न १ लाख ८० हजार आहे. सईच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचतीचं खातं) १ लाख १० हजार साठलेत, शिवाय पगारातून वर्षाला २० हजार काढता येतील. धाकटा सातवीत आहे. ग्रीन कार्ड तीन वर्षांपूर्वी झालं.

सईचे बाबा म्हणतात, बोस्टनचं नाव पाठीशी असलं की मेडिकलला सोपं जाईल, कर्ज काढू. सासूबाई म्हणतात, रटगर्स वीस मिनिटांवर आहे तर डॉर्मचे, म्हणजे हॉस्टेलचे, सोळा हजार कशाला घालवायचे, पोरगी घरी राहील, दोन घास गरम खाईल. साताऱ्याहून माझे वडील म्हणतात, इकडे पाठव, एनआरआय कोट्यातून एमबीबीएस होऊन जाईल. मी मधल्या मधे. डॉर्म घेतलंच तर एकटीची खोली घ्यावी की दोघींची? आणि छोटा कुकर चालतो का हो तिथे?

– सईची आई

सईच्या आई,

कुकरचं शेवटी सांगते. आधी बोस्टनहून आलेलं ते मदतीचं पत्र काढा आणि चष्मा लावून वाचा. तुम्ही १४ हजारांची 'मदत' लिहिलंय. ती मदत कशाची आहे? इथली कॉलेजं एकाच रकान्यात तीन वेगळ्या गोष्टी मांडतात: ग्रँट किंवा स्कॉलरशिप, म्हणजे खरोखर माफ झालेले पैसे, वर्क-स्टडी, म्हणजे सईने लायब्ररीच्या काउंटरवर बसून ताशी कमवायचे पैसे, तेसुद्धा काम मिळालं तर, आणि कर्ज. होय, कर्जसुद्धा 'मदत' म्हणूनच छापतात. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला सरकारी कर्ज साडेपाच हजारांपर्यंत मिळतं. त्या १४ हजारांत ५,५०० असा आकडा दिसला तर ते कर्ज आहे, आणि त्याखाली अडीच हजारांचं वर्क-स्टडी असलं तर तुमच्या हाती माफी आली फक्त सहा हजारांची. पेनसिल्व्हेनियाचं पत्रही असंच तपासा. तिथे शिष्यवृत्ती टिकवायला किती जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी) लागतो ते बारीक अक्षरात कुठेतरी असेल. प्रीमेडच्या, म्हणजे मेडिकलची तयारी करणाऱ्या, मुलीला ती अट महत्त्वाची, कारण तिचं दुसरं वर्ष ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं असतं.

आता कागद घ्या. तुमच्या पत्रातले सगळे आकडे 'वर्षाला' आहेत. आपल्याकडे फी अशीच विचारतात, वर्षाची किती? मी मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेजात शिकले, माझी वर्षाची फी वडिलांच्या एका पगारात भागायची आणि बारावीनंतर साडेचार वर्षं नि वर एक वर्ष इंटर्नशिप, की हातात एमबीबीएस. इथे तुम्ही आज जे निवडताय त्यातून सई डॉक्टर होणार नाही. चार वर्षांनी ती फक्त अर्ज करायला पात्र होईल. पुढची चार वर्षं मेडिकल स्कूलची, त्याचं बिल वेगळं, आणि त्यापुढे तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकणं. रेसिडेन्सीत पगार मिळतो, बाकी आठ वर्षं पैसे जातात. म्हणून कागदावर आठ वर्षांचा हिशेब मांडायचा.

बोस्टन: ७८ हजार गुणिले चार, ३ लाख १२ हजार. (फी दरवर्षी वाढते आणि शिष्यवृत्ती बहुतेक ठिकाणी होती तेवढीच राहते, हे मी सोडून दिलंय. तेही धरलं तर आकडा आणखी वर जातो.) तुमच्याकडे ५२९ चे १ लाख १० आणि पगारातले चार वर्षांचे ८०, असे १ लाख ९० हजार. खड्डा १ लाख २२ हजारांचा. सईला स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज मिळेल ते चार वर्षांत मिळून २७ हजार. राहिलेले तुम्ही दोघं पेरेंट प्लस, म्हणजे पालकांच्या नावावरचं सरकारी कर्ज, म्हणून काढाल. तर १ जुलै २०२६ पासून नवीन कर्ज घेणाऱ्या पालकांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार एवढीच मर्यादा आहे. २७ आणि ६५, झाले ९२. तरीही ३० हजार उरतातच, ते खाजगी बँकेकडून, तुमच्या सहीने. पेरेंट प्लसचा व्याजदर नऊ टक्क्यांच्या घरात आहे आणि कर्ज हातात पडण्याआधीच चार टक्क्यांहून जास्त फी कापून घेतात. सईच्या बाबांना 'कर्ज काढू' म्हणणं सोपं आहे. त्यांना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा.

पण मला जास्त काळजी आहे ती पुढच्या बिलाची. पूर्वी मेडिकल स्कूलला जाणाऱ्या मुलांना ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज मिळायचं, जेवढा खर्च तेवढं. २०२५ च्या कायद्याने ते नवीन कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद केलं. आता वैद्यकीय विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार आणि एकूण २ लाख. मेडिकल स्कूलला फी, राहणं, जेवण धरून वर्षाला ७० हजारांपासून पुढे लागतात, खाजगी असेल तर लाखाच्या जवळ. म्हणजे चार वर्षांचे तीन ते चार लाख, आणि सरकार देणार दोन. वरचे एक ते दोन लाख कुठून आणायचे, हा प्रश्न तुमच्या घरात २०३० किंवा ३१ साली उभा राहील, नेमका धाकटा कॉलेजला असताना. तेव्हा कपाटात काही उरलेलं असायला हवं.

रटगर्सचं गणित मांडून बघा. २८ हजार गुणिले चार, १ लाख १२ हजार. पगारातून ८० हजार गेले, ५२९ मधून फक्त ३२ हजार काढावे लागले. ५२९ मध्ये ७८ हजार शिल्लक, चार-पाच वर्षांत वाढतील ते वेगळेच. हे पैसे मेडिकल स्कूलला वापरता येतात, बऱ्याच लोकांना वाटतं की ते फक्त अंडरग्रॅडसाठी, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या चार वर्षांसाठी, असतात. आणि सई डॉक्टर झालीच नाही तर खात्यावरचं नाव बदलून धाकट्याच्या नावाने करता येतं.

पेनसिल्व्हेनिया: १ लाख ७६ हजार. जेमतेम बसतं, १४ हजार उरतात. कर्ज नाही, पण कपाट रिकामं.

आता नावाबद्दल. मी काही वर्षं इथल्या एका मेडिकल कॉलेजात प्रवेशाच्या मुलाखती घेतल्या. माझ्यापुढे फाइल यायची तेव्हा आधी जीपीए दिसायचा, मग एमकॅटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, स्कोअर, मग मुलीने रुग्णांच्या आसपास किती काळ काढलाय ते, मग शिक्षकांची पत्रं. कॉलेजचं नाव दिसायचं, नाही असं नाही. त्याने थोडा फरकही पडतो. पण ३.४ जीपीएवाली नावाजलेल्या कॉलेजातली मुलगी आणि ३.८५ वाली सरकारी विद्यापीठातली मुलगी समोरासमोर आल्या की समितीच्या टेबलावर कुणाची बाजू घेणं सोपं जातं ते मला माहीत आहे. दरवर्षी देशभरातून पन्नास हजारांवर मुलं एमडीसाठी (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी) अर्ज करतात, त्यातली तेवीस हजारांच्या आसपास कुठेतरी लागतात. लागलेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या जवळ असतो आणि एमकॅट ५१२ च्या जवळ, ५२८ पैकी. अर्जात विज्ञान आणि गणिताचा जीपीए वेगळा काढतात. एखाद्या विषयात सी आला आणि तो विषय पुन्हा घेऊन ए मिळवला, तरी आधीचा सी पुसला जात नाही, दोन्ही मोजतात. म्हणून पहिल्या सत्रात पडलेली पोर चार वर्षं चढण चढत राहते.

प्रीमेड हा विषयच नाही, हेही आजीआजोबांना सांगून ठेवा. त्या नावाची पदवी कुठे मिळत नाही. सई इतिहासात पदवी घेऊ शकते, फक्त मधे बायॉलॉजी, दोन प्रकारच्या केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री आणि थोडं स्टॅटिस्टिक्स करावं लागतं, लॅबसकट. एमकॅटमध्ये २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचाही भाग आहे. आणि तिने शाळेत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, बायॉलॉजी-केमिस्ट्री केलं असेल तर त्या क्रेडिटवर कॉलेजातला विषय सोडायची घाई करू नये. काही मेडिकल स्कूल एपी धरत नाहीत.

तिन्ही कॉलेजांना फोन करून प्रीमेडचा सल्लागार गाठा. फोन सईने करायचा, तुम्ही शेजारी बसून गप्प राहायचं. टूरच्या वेळी जे मोठ्या अक्षरात सांगतात, की आमची नव्वद टक्के मुलं मेडिकलला लागतात, त्याचा छेद विचारायचा. नव्वद टक्के कशाचे? काही कॉलेजांत समिती बसते आणि अर्ज करणाऱ्या मुलांना समितीचं पत्र देते. जी मुलं कच्ची वाटतात त्यांना 'या वर्षी थांब' म्हणते. थांबलेली मुलं छेदातून गायब होतात. पहिल्या वर्षाला चारशे जणांनी आम्ही प्रीमेड म्हटलं आणि शेवटी शंभरांनी अर्ज केला, त्यातले नव्वद लागले, तर ते नव्वद टक्केच. तिनशे कुठे गेले हे कुणी पोस्टरवर छापत नाही. सईने सरळ विचारावं: सुरुवात किती जणांनी केली, अर्ज किती जणांनी केला, समिती कुणाला अडवते का? सल्लागार अडखळला तर तेही उत्तरच आहे.

दुसरा प्रश्न, ऑर्गोच्या, म्हणजे ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या, वर्गात किती मुलं आणि लॅबची जागा पहिल्याच फेरीत मिळते का. रटगर्ससारख्या मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षीच्या केमिस्ट्रीला शेकडो मुलं एका हॉलमध्ये असतात, प्राध्यापकाला सईचं नाव आपोआप कळणार नाही. त्यासाठी तिला ऑफिस अवर्सला, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला, जाऊन बसावं लागेल, दर आठवड्याला, प्रश्न नसला तरी. घरी बोलणाऱ्या आणि बाहेर गप्प बसणाऱ्या आपल्या मुलींना हे जड जातं. पेनसिल्व्हेनियाच्या छोट्या कॉलेजात हे काम तिच्यासाठी सोपं होईल, वीस-पंचवीसांचा वर्ग असतो, शिक्षक ओळखतात, पत्र लिहिताना त्यांना लिहायला काहीतरी असतं. म्हणून मी पेनसिल्व्हेनियाला पूर्ण नाही म्हणत नाही. सई जर बुजरी असेल आणि तिथे जाऊन आल्यावर तिचा चेहरा खुलला असेल, तर ते कपाटातले पैसे खर्च करण्याचं एक खरं कारण आहे. बोस्टनसाठी मात्र मला असं एकही कारण तुमच्या पत्रात सापडलं नाही. हौस असेल तर त्यांच्या फायनान्शियल एड ऑफिसला आत्ताच, १ मेच्या आधी, इतर दोन कॉलेजांची पत्रं जोडून लिहा की आमच्याकडे अशा ऑफर आहेत, पुन्हा विचार कराल का. विचारल्याने प्रवेश काढून घेत नाहीत. पण पाच-सात हजारांनी हा खड्डा बुजणारा नाही.

तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही: हॉस्पिटल किती लांब आहे? मेडिकलला अर्ज करताना रुग्णांच्या सहवासात घालवलेले तास लागतात, शे-दोनशे तरी, खरं तर जास्त. ज्या कॉलेजच्या आसपास हॉस्पिटल नाही तिथली मुलं हे तास उन्हाळ्यात घरी येऊन भरतात. न्यू ब्रन्सविकमध्ये रॉबर्ट वुड जॉन्सन हॉस्पिटल आणि सेंट पीटर्स, दोन्ही गावातच आहेत. शिवाय राज्यात रटगर्सची मेडिकल स्कूल आहेत, कॅमडेनला कूपर आहे, नटलीला हॅकन्सॅक मेरिडियन आहे. सरकारी मेडिकल स्कूल आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात. अर्थात सई बोस्टनला गेली तरी न्यू जर्सीचीच रहिवासी मानली जाईल, तेवढा मुद्दा बाबांच्या बाजूने लिहून घ्या.

(तुमचं ग्रीन कार्ड झालंय म्हणून मी कर्जाचं एवढं बोलू शकले. ज्यांची मुलं अजून एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या कामाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, आहेत त्यांनी वरचा हिशेब आपला समजू नये. त्या मुलांना सरकारी कर्ज मिळत नाही, बहुतेक मेडिकल स्कूल त्यांचे अर्ज घेत नाहीत, आणि एकविसाव्या वाढदिवसाला एच-फोर संपतो. त्यांना कॉलेज निवडण्याआधी वकिलाची एक भेट घ्यावी लागते.)

साताऱ्याचं थोडक्यात. तुमच्या वडिलांचा जीव नातीत अडकलाय, त्यांना दुखवू नका. पण नीट ही प्रवेश परीक्षा दिल्याशिवाय तिथेही प्रवेश नाही, एनआरआय कोट्याची फी डॉलरमध्ये भरूनही पोटात गोळा येईल अशी असते, आणि शिकून परत यायचं तर यूएसएमएलई, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा, देऊन रेसिडेन्सीच्या रांगेत परदेशी पदवीधर म्हणून उभं राहायचं. त्या रांगेत मी उभी होते. इथल्या एमडी झालेल्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना रेसिडेन्सी मिळते, बाहेर शिकलेल्यांचं प्रमाण त्याहून बरंच खाली आहे. सई इथे वाढलेली, इथेच राहणार. मग वळसा कशाला?

आता डॉर्म. यावर मला सासूबाईंशी थोडं भांडायचंय, त्या वयाने मोठ्या असल्या तरी.

त्यांचं गणित चुकलेलं नाही. सोळा हजार वाचतात. त्यातून गाडीचा विमा, पेट्रोल, पार्किंगचा पास वजा करा, बारा तरी उरतील, चार वर्षांचे ४८ हजार. लहान रक्कम नाही. पण पहिलं वर्ष घरी काढलेली प्रीमेडची मुलं मी पाहिलीत. त्यांचा अभ्यास घरी होतो आणि बाकी सगळं राहून जातं. ऑर्गोची गटाची चर्चा रात्री दहाला सुरू होते. लॅबमधल्या सिनियरने 'उद्या सकाळी सातला ये, उंदरांचं काम दाखवते' म्हटलं की डॉर्ममधली मुलगी चप्पल घालून जाते. घरची मुलगी आधी गाडी कुणाला लागणार आहे ते विचारते. आणि घर म्हटलं की घर असतं. गौरी बसतात, भाच्याची मुंज निघते, धाकट्याला कराट्याला सोडायचं असतं. 'तू आहेसच ना घरी.' कुणी मुद्दाम त्रास देत नाही, पण मिडटर्मच्या आठवड्यात पुरणयंत्र तिच्यापुढे येतं.

शिवाय रटगर्स म्हणजे एक आवार नाही. न्यू ब्रन्सविकला ते चार-पाच ठिकाणी पसरलंय, मधून रॅरिटन नदी जाते. ऑनर्स कॉलेजची इमारत कॉलेज अव्हेन्यूवर, विज्ञानाचे बरेच वर्ग पलीकडे पिस्कॅटवेत बुश कॅम्पसवर. मधे विद्यापीठाची बस. एडिसनहून गाडीने यायचं, पार्किंग शोधायचं, मग बसला उभं राहायचं, तुमची वीस मिनिटं पन्नास होतात. ऑनर्सच्या मुलांनी पहिलं वर्ष ऑनर्सच्या डॉर्ममध्येच राहावं असा नियम अनेक ठिकाणी असतो, रटगर्सला फोन करून ते आधी विचारा, कदाचित सासूबाईंशी भांडावंच लागणार नाही.

माझं म्हणणं असं: पहिलं वर्ष डॉर्म, दुसरंही शक्यतो. तिसऱ्या वर्षापासून तीन रस्ते आहेत. एक, आरए होणं. डॉर्मच्या एका मजल्याची ताई म्हणून काम केलं की खोली फुकट मिळते, बहुतेक ठिकाणी जेवणाचाही काही भाग. अर्ज दुसऱ्या वर्षाच्या थंडीत करायचा असतो, त्यामुळे सईने पहिल्याच वर्षी आपल्या आरएशी ओळख ठेवावी. रात्री दोनला कुणी उलटी केली तर उठावं लागतं, पण जिला डॉक्टर व्हायचंय तिला त्याची सवय झालेली बरी. दोन, मैत्रिणींबरोबर बाहेर घर. तिथे जपून, घरमालक बारा महिन्यांचा करार करतात, पुढच्या सप्टेंबरच्या घरासाठी आधीच्या शरदातच सह्या मागतात, आणि चौघींच्या करारावर एकीने पैसे थांबवले तर उरलेल्या तिघी अडकतात. को-साइन तुम्हालाच करावं लागेल. तीन, घरी परतणं. तोवर ती स्वतःच्या पायावर उभी असेल, मग घर तिला खाली ओढणार नाही. एमकॅटचा अभ्यास करायला आणि नंतरच्या रिकाम्या वर्षात घरच चांगलं. हो, रिकामं वर्ष धरूनच चाला. आज मेडिकलला लागणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं मधे किमान एक वर्ष थांबलेली असतात, कुणी स्क्राइब, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहून देणारा, म्हणून काम करतं, कुणी लॅबमध्ये. त्या वर्षात अर्जाचेही पैसे जातात. एमकॅटची फी साडेतीनशे डॉलरच्या आसपास, मग प्रत्येक कॉलेजची मूळ फी, मग त्यांच्या दुसऱ्या फेरीची शंभरेक. पंधरा-वीस ठिकाणी अर्ज केला की तीन-चार हजार जातात.

एकटीची खोली की दोघींची? दोघींची. एकटीची महाग असते आणि पहिल्या वर्षी एकटं पडायला सोपं जातं. तिघींची मात्र टाळा, जमलं तर. माझ्या मुलाला पहिल्या वर्षी दोघांसाठी बांधलेल्या खोलीत तिसरा पलंग घुसवून ठेवलं होतं. कॉलेजने जास्त मुलांना प्रवेश देऊन ठेवला होता. त्याचं टेबल दाराच्या मागे. दार उघडलं की त्याच्या खुर्चीला लागायचं. ऑक्टोबरात केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता कुणाचं तरी पॉपकॉर्न जळलं, अलार्म वाजला, सहा मजले मुलं पायजम्यात बाहेर, पाऊण तास. तो पेपर त्याला वाईट गेला, आणि मी मिरजेच्या हॉस्टेलच्या गोष्टी सांगून त्याचं समाधान करायला गेले, ते काही त्याला आवडलं नाही. तिसरा पलंग टाकला तर भाडं कमी करतात का, जागा झाली की आधी कुणाला हलवतात, हे घर देणाऱ्या ऑफिसला लेखी विचारा. नंतर मला कळलं की मागितल्याशिवाय ते पैसे कमी करत नव्हते.

डॉर्मचा अर्ज होकार कळवल्याच्या दिवशीच भरा, बऱ्याच ठिकाणी आधी येईल त्याला आधी निवड. त्यात झोपेच्या वेळा विचारतात तिथे सईने खरं लिहावं. आई वाचेल म्हणून 'दहाला झोपते' लिहिलं की दहाला झोपणारी रूममेट मिळते आणि मग वर्षभर दिव्यावरून धुसफूस. मजला शक्यतो दारू-सिगरेट नसलेला मागावा, वेलनेस किंवा सबस्टन्स-फ्री अशा नावाने असतो. काकूबाई मुलं तिथे राहतात असं सई म्हणेल. शुक्रवारी रात्री तिथे शांतता असते, एवढंच सांगा. मील प्लॅन पहिल्या वर्षी बहुधा घ्यावाच लागतो, पण सगळ्यात मोठा घेऊ नका. मुलं नाश्ता झोपेत घालवतात आणि उरलेले स्वाइप, म्हणजे न खाल्लेली जेवणं, सत्र संपलं की वाया जातात.

आता एक गोष्ट जी मला पत्र वाचताना पहिल्यांदा दिसली आणि मी मुद्दाम इथवर थांबले. तुमच्या पत्रात बाबा काय म्हणतात ते आहे, सासूबाई काय म्हणतात, साताऱ्याचे आजोबा काय म्हणतात. सई काय म्हणते, त्याचं एकही वाक्य नाही. 'तिला डॉक्टर व्हायचंय' हे तुमचं वाक्य आहे. असेलही तसंच. पण पहिल्या वर्षी प्रीमेड म्हणवणाऱ्या मुलांतली खूपशी मुलं दोन वर्षांत दुसरीकडे वळतात. काही मार्कांमुळे, काही त्यांना दुसरंच काही आवडायला लागतं म्हणून. सई वळली तर कुठल्या कॉलेजात तिला जागा आहे? रटगर्समध्ये सार्वजनिक आरोग्य आहे, फार्मसी आहे, इंजिनिअरिंग आहे, हवं तर अर्थशास्त्र. पेनसिल्व्हेनियाच्या त्या छोट्या कॉलेजात काय काय विषय आहेत ते तिला यादी काढून बघू द्या. आणि बोस्टनला १ लाख २२ हजारांचं कर्ज डोक्यावर घेऊन तिसऱ्या वर्षी तिला वाटलं की डॉक्टर नाही व्हायचं, तर ती ते तुम्हाला सांगू शकेल का? माझ्याकडे मुलाखतीला अशी मुलं आलेली आहेत ज्यांना ते सांगता आलं नव्हतं. विचारलं, डॉक्टर का व्हायचंय, तर उत्तर पाठ असायचं आणि डोळे खाली.

या शनिवारी तिला घेऊन बुश कॅम्पसवर जा. टूर घेऊ नका. विद्यार्थ्यांच्या डायनिंग हॉलमध्ये पैसे भरून जेवा, मग बाहेर बाकावर बसून हा आकड्यांचा कागद तिच्या हातात द्या, तिन्ही कॉलेजांचा. बाबांना घरी ठेवा, रागावले तरी चालतील. मग विचारा, आणि उत्तर येईपर्यंत काही बोलू नका.

राहिला कुकर. नाही चालत. प्रेशर कुकर, हॉट प्लेट, इंडक्शन, बहुतेक डॉर्ममध्ये राइस कुकरसुद्धा बंद, तपासणीत सापडला तर जप्त होतो आणि दंड बसतो. उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती यांवरही बंदी, तेव्हा सासूबाईंनी समई द्यायचा विचार केला असेल तर बॅटरीची द्या. छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह चालतो, काही ठिकाणी त्यांचा एकत्र भाड्याने मिळतो तोच चालतो. मजल्यावर एक सामायिक स्वयंपाकघर असतं, तिथे फोडणी करता येते, पण मोहरी तडतडली की धूर होतो आणि अलार्म त्या मायक्रोवेव्हच्या पॉपकॉर्नलाही वाजतो हे वर सांगितलंच. रविवारी डबा द्या, वीस मिनिटांवर तर आहात. मेतकूट, तूप, मुगाच्या खिचडीचं भाजून ठेवलेलं मिश्रण, गरम पाणी घातलं की झाले असे पोहे. चादर मात्र घरची चालणार नाही, डॉर्मची गादी लांबीला जास्त असते, ट्विन एक्सएल मापाची घ्या.